टॅक्स सॉफ्टवेअरचं स्टेट रिटर्न आणि त्यांचा रिफंड ट्रॅकर: पाचपैकी दोन स्टार, तेही फोटोसाठी

आधीच सांगतो, सॉफ्टवेअरचं नाव लिहिणार नाहीये, उगाच भानगड नको. जाहिराती सगळ्यांनी बघितल्यात, दर जानेवारीत टीव्हीवर सुरू होतात, त्यातलंच एक समजा. २०२४ चं रिटर्न मी मार्च २०२५ मध्ये ह्यांच्याकडे भरलं, पूर्ण चक्र फिरून आता वर्ष होत आलंय, म्हणून म्हटलं सविस्तर रिव्ह्यू लिहावा, कारण फेडरलबद्दल (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या टॅक्सबद्दल) सगळेच लिहितात, स्टेटचं, म्हणजे राज्याच्या टॅक्सचं, कुणी नीट सांगत नाही आणि खरी गंमत तिथेच असते.

आमची केस थोडी आडवळणाची. आम्ही राहतो न्यू जर्सीत. २०२४ मध्ये मी नोकरी बदलली, नवं ऑफिस नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात, ऑगस्टपासून रोज पूल ओलांडून जायचो. पाच महिन्यांचा पगार बेचाळीस हजार. जानेवारीत डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा एम्प्लॉयरचा फॉर्म) आला तर खाली बॉक्स १५ मध्ये पीए, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, बॉक्स १६ मध्ये ४२,०००, आणि बॉक्स १७ मध्ये १,२८९.४०. म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा सरसकट ३.०७ टक्के टॅक्स कापलेला, आणि न्यू जर्सीचा एक पैसा नाही. मला तेव्हा वाटलं बरोबरच आहे की, काम तिथे केलं, टॅक्स तिथे गेला. बहुतेक लोकांना असंच वाटतं.

तर आता सॉफ्टवेअर. डब्ल्यू-२ चा फोनवर फोटो काढला, दहा सेकंदात सगळे बॉक्स बरोब्बर भरले गेले, एम्प्लॉयरच्या नंबरासकट, एक आकडा हलला नाही. मागे एकदा हाताने टाइप करताना मी ६ आणि ९ ची अदलाबदल केली होती आणि पुढे दोन महिने निस्तरत बसलो होतो, त्यामुळे ह्याचं मला खरंच कौतुक वाटलं. दोन स्टार म्हणतोय ते ह्याचेच.

वर कोपऱ्यात मोठ्या हिरव्या अक्षरात एक आकडा सारखा पळत असतो, तुमचा रिफंड इतका इतका. आमचा येऊन थांबला २,४५८ वर. बायको म्हणाली वा, चला. मी पण खुश. मग सहज त्याच्यावर क्लिक केलं तर आत फोड दिसली: फेडरल २,१४६, न्यू जर्सी ३१२, पेनसिल्व्हेनिया शून्य. शून्य का, तर त्यांनी पेनसिल्व्हेनियाचं नॉनरेसिडेंट (तिथे न राहणाऱ्याचं) रिटर्न बनवून ४२,००० वर १,२८९ टॅक्स लावला, तेवढाच कापलेला होता, हिशोब मिटला. आणि न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये तेच १,२८९ 'दुसऱ्या राज्यात भरलेला टॅक्स' म्हणून क्रेडिट दिलं, म्हणजे तेवढा टॅक्स वजा केला.

ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं ना? आणि पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात न जाता बोगद्यातून न्यूयॉर्कला गेलो असतो तर अगदी असंच करायचं असतं, कारण न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीमध्ये कुठला करार नाही, तिथे टॅक्स भरा आणि घरच्या राज्यात क्रेडिट घ्या. पण न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियामध्ये रेसिप्रोसिटी आहे. म्हणजे इकडच्या माणसाने तिकडे पगार कमावला तर तिकडचं राज्य त्या पगारावर टॅक्स लावतच नाही, आणि उलटही तसंच. फक्त पगारावर हं, धंद्याच्या किंवा घरभाड्याच्या कमाईला हे लागू नाही. एम्प्लॉयरला आरईव्ही-४१९ नावाचा एक फॉर्म द्यायचा असतो की बाबा मी न्यू जर्सीचा आहे, माझा पीए टॅक्स कापू नको. मला नोकरीला लागताना कागदांचा गठ्ठा दिला होता त्यात हा फॉर्म नव्हता, आणि मीही विचारलं नाही, त्यामुळे अर्धा दोष माझा.

तर ज्या टॅक्सचं क्रेडिट सॉफ्टवेअरने घेतलं तो टॅक्स मुळात मी पेनसिल्व्हेनियाला देणंच लागत नव्हतो. चुकून कापलेला टॅक्स हा भरलेला टॅक्स होत नाही, तो परत मागायचा असतो. न्यू जर्सी असं क्रेडिट मान्य करत नाही, आज ना उद्या पत्र आलंच असतं, क्रेडिट रद्द, बाकी भरा, वर व्याज.

हे मला कसं कळलं? सॉफ्टवेअरने सांगितलं नाही. ऑफिसमध्ये एकजण कॉफी घेताना सहज म्हणाला, तुझा पीए कापतात? माझा नाही कापत. एवढंच. रात्री राज्याच्या वेबसाइटवर जाऊन वाचलं, साध्या इंग्रजीत दोन परिच्छेदांत सगळं लिहिलेलं होतं.

मग ह्यांच्या 'एक्स्पर्ट' चॅटवर गेलो. चाळीस मिनिटं थांबलो, मग जी व्यक्ती आली ती म्हणाली की सर, टोटल बघा, काहीच फरक पडत नाही. आणि मंडळी, खरंच पडत नव्हता! मी दुरुस्त करून बघितलं, पेनसिल्व्हेनियात करपात्र पगार शून्य केला तर तिथला रिफंड झाला १,२८९. न्यू जर्सीतलं क्रेडिट गेलं तर ३१२ मिळायच्या ऐवजी ९७७ भरायचे निघाले. आता करा बेरीज: २,१४६ अधिक १,२८९ वजा ९७७, परत २,४५८. हिरवा आकडा जागचा हलला नाही. एक रिटर्न साफ चूक, दुसरं बरोबर, आणि वरचा आकडा दोन्हीकडे तोच, म्हणजे त्याच्याकडे बघून तुम्हाला जन्मात कळणार नाही की पैसे चुकीच्या घरी पडलेत. माझा सगळ्यात मोठा राग ह्याच आकड्यावर आहे, अख्ख्या स्क्रीनवर सगळ्यात मोठा तोच आणि सगळ्यात निरुपयोगी पण तोच.

फरक पडतो तो खिशात. न्यू जर्सीचे ९७७ पंधरा एप्रिलच्या आत भरायचे, ते थांबत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचे १,२८९ येतील तेव्हा येतील. मधले दोन-तीन महिने ती रक्कम तुमच्या खिशातून. हे एक्स्पर्टबाईंनी सांगायला हवं होतं. त्यांनी शेवटी मला रेटिंग द्यायला सांगितलं.

बायकोच्या डब्ल्यू-२ चीही एक गंमत सांगतो, कारण न्यू जर्सीतल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो. तिच्या बॉक्स १ मधला फेडरल पगार कमी आणि बॉक्स १६ मधला स्टेटचा पगार जास्त. तिला वाटलं पेरोलने घोळ घातला. घोळ नाही. मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता पगारातून टॅक्सच्या आधी कापला जातो, एचएसएमध्ये (औषधपाण्यासाठीच्या बचत खात्यात) पैसे जातात, ते फेडरलला चालतं पण न्यू जर्सीला चालत नाही, ते म्हणतात हा तुमचा पगारच. एचएसएला कॅलिफोर्निया पण मानत नाही. पेनसिल्व्हेनिया तर ४०१(के) ह्या निवृत्तीच्या खात्यात टाकलेल्या पैशावर सुद्धा टॅक्स घेतं. प्रत्येक राज्य म्हणजे स्वतंत्र संस्थान आहे हो, फेडरलवरून अंदाज बांधायला गेलात की फसलात. सॉफ्टवेअरने इथे आकडा बरोबर उचलला, पण का वेगळा आहे त्यावर एक ओळ सुद्धा नाही, नुसतं पिवळं त्रिकोणी चिन्ह दाखवून 'हे तपासा' म्हणे. काय तपासा?

आता पैशाचं. फेडरलचे ६९, प्रत्येक स्टेटचे ५९, दोन स्टेट म्हणजे ११८. ज्या स्टेटला माझं उत्पन्न शून्य आहे त्याचे पण ५९. आणि शेवटच्या स्क्रीनवर एक गोड प्रश्न, 'फी रिफंडमधून वळती करू का?' मी थकलेलो, रात्रीचे साडेअकरा, हो दाबलं. त्याचे वर ४० डॉलर. म्हणजे माझेच पैसे मला न दाखवता घेण्याचे चाळीस. एकूण २२७.

ह्याचा परिणाम ट्रॅकिंगवर होतो, तो कुणी सांगत नाही. फी अशी वळती केली की फेडरल रिफंड आधी त्यांच्या मधल्या बँकेत जातो, तिथून फी कापून तुमच्याकडे. आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) पानावर २,१४६ पाठवले म्हणून दिसतंय आणि माझ्या खात्यात १,९१९. बायको म्हणाली आयआरएसने कापले वाटतं, काही थकलंय का आपलं? (थकबाकी असेल तर रिफंडमधून खरंच वळते करतात, पण मग पत्र येतं.) दहा मिनिटं जीव टांगणीला लागला, मग आठवलं की २२७.

आता ट्रॅकरकडे वळू, कारण जाहिरातीत तेच सगळ्यात जास्त दाखवतात. ॲपमध्ये एक पान आहे, तीन गोल आणि त्यांना जोडणारी रेघ. रिटर्न पाठवलं, स्वीकारलं, पैसे आले. फेडरलचं दुसऱ्या दिवशीच 'ॲक्सेप्टेड' झालं आणि स्क्रीनभर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. स्टेटची दोन्हीही ॲक्सेप्टेड. पुन्हा कागद. मग एप्रिल गेला, मे गेला, पेनसिल्व्हेनियाच्या रेघेवर तो गोल जिथे होता तिथेच.

ॲक्सेप्टेड म्हणजे मंजूर नव्हे, हे मला ह्या वयात कळलं. त्याचा अर्थ एवढाच की फाइल पोचली, नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर जुळले, ह्या नंबरावर आधी कुणी रिटर्न भरलेलं नाही. आत काय लिहिलंय ते अजून कुणी वाचलेलं पण नाही. मंजुरी ही पुढची पायरी आणि त्याबद्दल सॉफ्टवेअरला काहीही माहिती नसते, त्यांचं काम पाठवण्यापुरतंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पैसे आले हा तिसरा गोल तर ते तारखेच्या अंदाजाने रंगवतात, कारण फेडरलचा गोल हिरवा झाला तेव्हा माझ्या खात्यात काहीच नव्हतं, पैसे दोन दिवसांनी आले.

खरी माहिती दोनच ठिकाणी असते. फेडरलसाठी आयआरएसचं 'व्हेअर इज माय रिफंड' पान, नाहीतर त्यांचं ॲप. ई-फाइल केल्यावर चोवीस तासांनी तिथे दिसायला लागतं, कागदी रिटर्न असेल तर चार आठवडे. सोशल सिक्युरिटी नंबर, फायलिंग स्टेटस आणि रिफंडची रक्कम अचूक डॉलरमध्ये टाकायची. दिवसातून एकदाच, बहुतेक रात्री, अपडेट होतं, त्यामुळे दर तासाला रिफ्रेश करण्यात काही अर्थ नाही (मी केलं). ई-फाइलचे बहुतेक रिफंड एकवीस दिवसांच्या आत येतात. पण ह्या पानावर स्टेटचं अक्षर पण नसतं. स्टेटसाठी त्या त्या राज्याच्या टॅक्स खात्याची वेबसाइट, प्रत्येकाची वेगळी. दोन स्टेट असतील तर दोन पानं. कॅलिफोर्नियावाल्या मित्राला रकमेबरोबर झिप कोड आणि पत्त्यातले आकडे पण टाकायला लागतात.

आणि इथे मी माती खाल्ली. पेनसिल्व्हेनियाच्या पानावर पहिल्यांदा गेलो तेव्हा टाकले २,४५८, कारण डोक्यात तोच हिरवा आकडा बसलेला. जुळत नाही म्हणाले. मग फेडरलचे २,१४६ टाकले. नाही. मग बॉक्स १७ बघून १२८९.४० टाकले. तरी नाही. मग रिटर्नची पीडीएफ उघडून बघितली तर त्यात रिफंडच्या ओळीवर १,२८९, पूर्ण डॉलर, सेंट नाहीत. ते टाकले आणि लगेच उघडलं. २,४५८ ही रक्कम जगात कुणीही मला देणं लागत नव्हतं, ती फक्त सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात होती. तेव्हा भरतानाच तिन्ही रिटर्नची रक्कम वेगवेगळी लिहून ठेवा. आता आमच्या फ्रिजवर चिठ्ठी असते.

राज्याच्या पानाने मात्र पहिल्याच फटक्यात सांगितलं की रिटर्न तपासणीत आहे आणि पत्र पाठवलंय. सॉफ्टवेअरच्या ट्रॅकरवर ह्याचा पत्ताच नव्हता. आणि पत्र, ते आलेलं होतं! कूपनच्या गठ्ठ्यात, दहा दिवसांपूर्वी, बायकोने ड्रॉवरमध्ये टाकलेलं. मजकूर सरळ होता: तुम्ही म्हणता मी न्यू जर्सीचा रहिवासी, पगार आमच्याकडे करपात्र नाही, तर न्यू जर्सीच्या रिटर्नची प्रत द्या. बरोबरच आहे त्यांचं, कुणीही उठून म्हणेल मी पलीकडचा. अशा केसमध्ये घरच्या राज्याच्या रिटर्नची प्रत सोबत द्यायची असते, हे त्यांच्या सूचनांमध्येच आहे. सॉफ्टवेअरने मला ती जोडायला सांगितलीच नाही. उलट पगार शून्य केल्यावर तीन वेळा विचारलं, 'नक्की? डब्ल्यू-२ मध्ये पगार दिसतोय.' प्रश्न विचारायची अक्कल आहे, पुढचं वाक्य लिहायची नाही. प्रत पाठवली आणि जूनच्या शेवटी १,२८९ जमा. ॲपमधला गोल तेव्हा पण दुसऱ्याच जागी होता. बहुतेक अजून आहे.

ज्यांची केस सरळ आहे त्यांना एवढं महाभारत नाही हे पण खरं. माझी बहीण टेक्ससला, तिला पगारावर स्टेट टॅक्सच नाही, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी, वॉशिंग्टन वगैरे धरून अशी नऊ राज्यं आहेत. तिच्यासाठी ह्याच सॉफ्टवेअरला मी चार स्टार देईन. इलिनॉयमध्ये एकच दर, ४.९५ टक्के, एक राज्य एक नोकरी असेल तर वीस मिनिटांचं काम. पण तुम्ही राज्य ओलांडून नोकरी करत असाल, वर्षाच्या मध्ये राज्य बदललं असेल, तर सॉफ्टवेअर उघडायच्या आधी दोन्ही राज्यांच्या वेबसाइटवर जाऊन रेसिप्रोसिटी आहे का ते बघा. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि डीसी ह्यांचं आपसात आहे, इलिनॉयचं विस्कॉन्सिन, मिशिगन, आयोवा, केंटकीशी आहे. आणि फिलाडेल्फिया शहरात काम करत असाल तर तिथला शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा टॅक्स) ह्या करारात येत नाही, तो कापलाच जातो, त्याचं क्रेडिट मात्र न्यू जर्सीत मिळतं. आमचं ऑफिस शहराच्या हद्दीबाहेर म्हणून त्यातून वाचलो.

एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांनी तर हे सॉफ्टवेअर घेऊच नका, ते तुम्हाला बिनधास्त रेसिडेंटचा फॉर्म १०४० भरून देईल, तुमच्यातल्या बहुतेकांचा १०४०-एनआर, म्हणजे नॉनरेसिडेंटचा, असतो. भारताशी असलेल्या टॅक्स करारामुळे मिळणाऱ्या सवलती सुद्धा कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं मानत नाहीत, तो वेगळाच विषय आहे.

एक शेपूट राहिलं. ह्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाचा १०९९-जी आला (राज्याने किती रिफंड दिला ते सांगणारा फॉर्म), बॉक्स २ मध्ये १,२८९. बायको म्हणाली, आपलेच पैसे परत दिले त्याच्यावर पण टॅक्स? तर नाही. आदल्या वर्षी आयटमाइझ करून (एकेक खर्च मोजून) स्टेट टॅक्सची वजावट घेतली असेल तरच फेडरलमध्ये त्याचा विचार करावा लागतो. आम्ही स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) घेतलं होतं, दोघांचं मिळून २९,२००, त्यामुळे आम्हाला त्यावर शून्य. ही गोष्ट सॉफ्टवेअरला माहिती असायला हवी, गेल्या वर्षीचं रिटर्न त्यांच्याकडेच आहे, तरी चाचणी म्हणून फॉर्म टाकला तर हिरवा आकडा आधी खाली गेला आणि चार प्रश्न विचारून झाल्यावर परत वर आला. तेवढ्या वेळात माझं बीपी वर.

गेल्या वर्षीच ऑफिसला आरईव्ही-४१९ दिला, त्यामुळे ह्या वेळी बॉक्स १५ मध्ये एनजे आलंय. फेडरल दुसरीकडे भरणार, आणि न्यू जर्सीचं राज्याच्याच साइटवर, तिथे फुकट भरता येतं (पेनसिल्व्हेनियाचं पण त्यांच्या मायपाथ साइटवर फुकट होतं, माझे ५९ गेले ते गेले). ह्यांचा काल मेल आला होता, तुमची माहिती जपून ठेवली आहे, फक्त एक क्लिक करा, आणि खाली तोच हिरवा रंग. फोटोवाली सोय तेवढी आठवेल.